ओट्याखालचे कपाट

मी, बाजारातला भांडीवाला, वय चौऱ्याहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कानांना दाखला लागत नाही. पातेल्यावर टिचकी मारली की चीर कुठे आहे ते अजूनही सांगतो.

एक. दुकान मुलाला. हातगाडीवर फुटक्या बादल्यांना डाग देत मी ते उभे केले. त्याने काचेचे दार बसवले आहे. गिऱ्हाईक त्यावर आपटते, पण ते त्याचे तो बघेल.

दोन. डाग द्यायची हत्यारे धाकट्या भावाला. अकरा वर्षांपूर्वी त्याने ती न विचारता नेलीच आहेत. आता कायदेशीर झाली.

तीन. राहते घर मुलगा व सून यांना समाईक, एका अटीवर. ओट्याखालचे कपाट दीड वर्षाच्या नातीचे आहे. झाकणे, चाळणी, लाकडी पळ्या आणि रिकामे डबे यांत तिची सकाळ जाते. काचेचे, धारेचे सामान मी वर हलवले, कारण "बाबा, बोट कापलं तर कोण निस्तरणार?" हे सुनेचे म्हणणे रास्त होते. मुलाचे नव्हते. तो परवा कुलूप घेऊन आला.

"किती पसारा, बाबा. मी एवढी महागाची खेळणी आणली आहेत की तिला."

"तुझी मोटार बटण दाबलं की तेच गाणं म्हणते. पोरीला दोन दिवसांत पाठ झालं."

"मला कधी घेऊन बसलात असं?"

तो एवढासा होता तेव्हा मी गाडी ढकलत होतो. तो चालायला लागला हे मला शेजाऱ्यांनी सांगितले. त्याचेही तसे होऊ नये, म्हणून अट: कपाटाला कुलूप दिसले, तर घर धाकट्या भावाला जाईल. तो घोरतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

चार. वरील अट मी आज खोडली आहे. साक्षीदारांना घेऊन आत आलो, तेव्हा मुलगा डोक्यावर चाळणी घालून फरशीवर बसला होता आणि नात ती पळीने वाजवत होती. कुलूप एका डब्यात घालून त्यांनी खुळखुळा केला होता. आम्हाला बघून तो ओशाळून उठू लागला.

"बस रे," मी म्हटले. "मीच खाली येतो."

साक्षीदार: समोरचे शिंपी, आमचे डॉक्टर (दोघेही मांडी घालून)
सही: भांडीवाला. खाडाखोडीवर वेगळी सही केली आहे.
स्थळ: स्वयंपाकघराची फरशी
दिनांक: नातीला दीड वर्ष पूर्ण झाले त्यानंतरचा रविवार