ताम्रास्त्र आणि पुष्पीचा अंगठा

३ सप्टें., अमरावती
जिवाणूंचा दारुण पराभव! संशोधक विद्यार्थिनी वैष्णवी हिने इनक्युबेटरमधून पेट्रीडिश काढली, तो आमच्या संयुगाच्या टिकलीभोवती नाण्याएवढे स्वच्छ वलय. आत जिवाणूचे नाव नाही. संयुगाच्या मध्यभागी तांब्याचा अणू, भोवती सेंद्रिय रेणूंचे आलिंगन. हा विवाह जुळविण्यात अस्मादिकांची सहा वर्षे गेली.
छायाचित्र तत्काळ घरच्या ग्रुपवर: "अखिल जंतुकुलास कळविण्यात येते की ताम्रास्त्र सिद्ध झाले आहे." पातूरहून धाकट्या बहिणीचे, पुष्पीचे, जोडलेले हात.

६ सप्टें.
पुष्पीचा फोन. साखर वाढलेली, पायाचा अंगठा महिन्यापासून चिघळतो आहे. म्हटले, दवाखाना गाठ.
"काहून? तुयाच औषधाची वाट पाहून राहिली मी, दादा."
सांगितले, ते यश काचेच्या बशीतले. मनुष्यदेहात काय करील, देव जाणे. तर हसली. "तू नेहमी गमतीच करतं."
चाळीस वर्षांच्या विनोदाचे हे फलित. गंभीर झालो की लोकांना तोही विनोदच वाटतो.
झोप नाही.

९ सप्टें.
वैष्णवी दारात घुटमळत. "सर, तुलनेसाठी शेजारी नुसत्या मोरचुदाची टिकली ठेवली होती. तिचं वलय आपल्यापेक्षा मोठंय."
मोरचूद! साधे कॉपर सल्फेट, कृषिकेंद्रात किलोवर मिळते ते. मग सहा वर्षांचे आलिंगन कशासाठी?
"परत करून पाहू, सर?"
"पाहा." दिवसभर व्हरांड्यात येरझारा. तासिका घेतली, काय शिकविले, आठवत नाही.

१० सप्टें.
पुष्पीचे यजमान रमेशराव यांचा फोन. पातूरला भाजीपाला पिकवतात, सज्जन गृहस्थ.
"भाऊ, तुमचं औषध तांब्याचंच न? मंग मोरचूद घरी हायेच. बैलाच्या खुराले लावतो तसंच पाण्यात घोळून हिच्या पायाले लावून राहिलो. वास गेला. पण अंगठा काळा पडून राहिला."
ओरडलो. आत्ताच्या आत्ता अकोल्याला न्या म्हटले.
"रागावता काहून? तुमीच तं लिवलं, सिद्ध झालं म्हणून."
लिहिले होते. खरेच.

११ सप्टें., अकोला
पहिल्या बसने आलो. डॉक्टर म्हणाले, जंतू किती मेले कळत नाही, कातडी मात्र भाजली आहे. खालचे मांस जिवंत असेल तर अंगठा वाचेल. उद्या सकाळी ठरवू.
रमेशराव बाहेर बाकावर. पायांकडे बघत, आपल्याच. त्यांना दोष काय द्यावा? प्रयोग वैष्णवीचाच त्यांनी केला, फक्त बशीच्या जागी माझी बहीण होती.
पुष्पी जागी होती. "आणलं का, दादा?"
शर्टाच्या खिशात ताम्रास्त्राच्या हिरव्या भुकटीची कुपी. निघताना का घेतली, ठाऊक नाही. दाखवली. तिने उजेडात धरून पाहिली. "रंग किती छान हाये!" झाकणाला हात घालू लागली, तशी काढून घेतली.
"लावायची नाही, पुष्पे."
"बरं, नाई लावत. मंग इथं देवापाशी तरी ठेव." उशाशी तसबीर आहे.
तेही करवेना. कुपी पुन्हा खिशात.
"मंग आणली कायले?"
उठून तिचे पांघरूण सारखे केले.
ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. सकाळी डॉक्टर येतील.