सत्यभामेची बातमी

१२ नोव्हेंबर १९६४
सत्यभामेची बातमी साप्ताहिकात आली! शेजारची सत्यभामा — माझी मैत्रीण, आमच्या शालूच्या वेण्या घालणारी. तिनं जीव दिला हे अख्ख्या अमडापूरला ठाऊक होतंच. पण कुठं, कसं — सगळं छापलंय. मी इथं लिहिणार नाही. वर मोठ्या अक्षरांत, 'अखेर सासुरवासातून सुटली'.
सुटली? तिची आई अजून ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते.

१३ नोव्हेंबर
शाळेत माझ्या वर्गातल्या मुली तेच बोलत होत्या. एक म्हणाली, आता सासरच्यांना कळलं असेल! माझी बहीण शालू सोळाची. तीही वाचते.

१५ नोव्हेंबर
शालू धड जेवत नाही. मी दळणाला निघाले तर मागोमाग. शाळा सुटली तर फाटकाशी उभी. एकटी राहायला भिते का? विचारलं, तर 'काही नाही, ताई.' याचीच भीती वाटते — सत्यभामाही हेच म्हणायची.
बातमी पुन्हा वाचली. काय शोधते मी त्यात?

१७ नोव्हेंबर
एसटीनं चिखलीला गेले, साप्ताहिकाचे बातमीदार वामनरावांकडे. इतकं खोलात जाऊन का छापलं, विचारलं. घडलं ते लिहिलं, लोकांना हवं असतं, म्हणाले. मग शालूचं सांगितलं.
"तुम्ही 'सुटली' लिहिलंत. एखादी पोर त्यात वाट शोधेल."
त्यांनी तो अंक पुढं ओढून मथळा पुन्हा वाचला. म्हणाले, "बाई, हे माझ्या मनातच आलं नाही."

१८ नोव्हेंबर
फळ्यासमोर उभी राहिले आणि काय लिहायचं तेच आठवेना.

२६ नोव्हेंबर
वामनरावांनी लिहिलं! थोडकंच. सत्यभामा सुटली नाही, आपण तिला गमावलं. तिला वाचवता आलं असतं. मन फार जड झालं तर जवळच्या माणसाला सांगा. असं कोणी दिसलं तर त्याला एकटं सोडू नका.

२७ नोव्हेंबर
शालूला ते वाचून दाखवलं. ती रडायलाच लागली.
"मले काऊन वाचून दाखवतं, ताई? मी तं तुयासाठी भेऊन राह्यली. रोज तीच बातमी काढून बसतं तू. म्हणून मी तुयाच मांगं फिरून राह्यली."
पेपर खाली ठेवला. तिला खरं सांगितलं — मन माझंच फार जड झालंय.
आई शेतातून आली की तिलाही सांगणार. शालू शेजारीच बसलीय.