उभं राहता येईल अशी गाडी

१४ मार्च, शनिवार, दुपार

ताई,

नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "बरी आहे" एवढंच लिहिणार आणि मला काही कळणार नाही. मी ठणठणीत. गुडघा कुरकुरतो, पण अडतीस वर्षं बसगाड्यांखाली वाकून काढल्यावर त्याने थोडी कुरकुर केली तर मी त्याला बोलत नाही.

आता बातमी. डेपोतून निवृत्त होऊन दीड महिना झाला आणि मी गाडी घेतली. मोठी, उंच टपाची व्हॅन, राहायची. आतच झोपायचं, आतच स्वयंपाक करायचा, कंटाळा आला की पुढचं गाव. डोकं फिरलं म्हण हवं तर, डेपोतले सगळे म्हणून झालेत. आत दोन पलंग बसवतेय. दुसरा कुणासाठी ते तू ओळखलं असशीलच. भाऊजी गेल्याला वर्ष होत आलं, आणि मागच्या पत्रात तू लिहिलंस की या घरात बसवत नाही आणि जायला जागा नाही. तर जागा झाली आहे. ये. पण लगेच हो म्हणू नकोस. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती वाच आणि मग ठरव.

आधी गाडीचं सांगते, तेवढाच मला धीर येईल.

लहान व्हॅन घे असं सगळ्यांनी सांगितलं. वळवायला सोपी, गल्लीत मावते. मी एकीत शिरले आणि तू डोळ्यांसमोर आलीस. तू पाच फूट दहा इंच, शाळेत तुला शिडी म्हणायचे. त्या गाडीत तुला कायम मान वाकवून भाजी चिरावी लागली असती. मान वाकवणं तुझं पुरे झालं. म्हणून पूर्ण आकाराचीच बघायची ठरवली. शेवटी मिळाली ती हॉस्पिटलचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीची. मागची दारं उघडली की अजून साबणाचा वास येतो. आत झाडू उभा धरून मोजलं, तुझ्या डोक्यावर वीतभर जागा उरते.

पण इंजिनाने तीन आठवडे डोकं खाल्लं. एक पेट्रोलची पाहिली, आठ सिलिंडरची. आवाज असा की ऐकत बसावं, पण प्यायला लागली की थांबत नाही. आपल्याला पंपावरच मुक्काम करावा लागला असता. मग नवी डिझेल. ओढ अफाट, पण सगळा कारभार संगणकाच्या हातात. धूर गाळणारी जाळी तुंबली की ही फुरंगटून बसणार आणि मी जन्माची मेकॅनिक असून नुसती बघत राहणार. लाँड्रीच्या गाडीचं इंजिन जुनं डिझेल आहे, संथ, कसलीही घाई नसलेलं. चढावर ट्रकसुद्धा आपल्याला मागे टाकतील. पण चार पाने, एक पक्कड आणि थोडी अक्कल एवढ्यावर ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतं.

आणि ताई, त्याच्या आत मी काय पाहिलं सांगू? तारेच्या टोकाला छोटासा कॅमेरा असतो, तो सिलिंडरमध्ये सोडला. चार लाख किलोमीटर पळालेली गाडी. मला वाटलं, भिंती घासून आरशासारख्या झाल्या असतील. तर कारखान्यात तेल धरून ठेवायला पाडलेल्या तिरप्या रेघा जशाच्या तशा. केसाहून बारीक. मिनिटाला हजारो वेळा पिस्टनचा दट्ट्या त्यांच्यावरून गेला, वर्षानुवर्षं, तरी त्या टिकल्या. मी इतकी इंजिनं उघडली, पण त्या दिवशी आपोआप हात जोडले गेले. लाँड्रीचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, देव दिसला का आत?"

"तसंच समजा," मी म्हटलं.

"मग चला, चालवून बघा."

इथे माझी पंचाईत झाली. म्हटलं, तुम्ही चालवा, मी आवाज ऐकते. तर म्हणाला, "आवाज पुष्कळ ऐकलात. बसा." आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसून पुडीतले शेंगदाणे खायला लागला.

तुला माहीत नाही, पण मी डेपोच्या फाटकाबाहेर कधीच गाडी नेली नव्हती. दुरुस्तीच्या खड्ड्यावरून धुलाईला, तिथून रांगेत, एवढाच माझा प्रवास. लायसन्स होतं, वेळच्या वेळी नवं करून घ्यायचे. पण मोठ्या रस्त्याचा नुसता विचारही नको वाटायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, डॉक्टर पेशंटबरोबर फिरायला जातो का? सगळे हसायचे आणि विषय मिटायचा.

त्या दिवशी गेले. पहिले दहा किलोमीटर तर घामाने पाठ भिजली. म्हातारा फक्त "हं, हं" करत होता. मग घाट लागला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन आपलं गुरगुरत चढत राहिलं, कुठे धाप नाही की तक्रार नाही, आणि एका वळणानंतर चढच संपला. मी गाडी बाजूला घेऊन उतरले.

खाली मैदान पसरलं होतं, इतकं की त्याच्या शेवटाला नजर पोचेना. ढगांच्या सावल्या शेतांवरून सावकाश सरकत होत्या, एका गावावर ऊन, शेजारच्यावर सावली. नदीचं एक वळण चमकलं आणि पुन्हा दिसेनासं झालं. वर आभाळ किती, ते मला लिहिता येत नाही. मी एकोणसाठ वर्षांची बाई, तोंड उघडं टाकून उभी होते. जग मोठं आहे हे ऐकून होते, पण ते एवढं असेल असं खरंच वाटलं नव्हतं. आणि हे सगळं आयुष्यभर माझ्यापासून तासाभरावर होतं. म्हाताऱ्यानेसुद्धा पुडी खिशात ठेवून दिली.

मग खाली तुझ्या गावाकडे वळणारा रस्ता दिसला, आणि मी तिथेच रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

बावीस वर्षांपूर्वी तू मला बोलावलं होतंस. बॅग भरली आहे, हे संध्याकाळपर्यंत येणार नाहीत, मला घेऊन जा, म्हणालीस. मी फोरमनची गाडी मागून घेतली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली. फाटकापर्यंत आणली आणि तिथेच थांबवली. तेवढ्यात फाटकाजवळच्या खोलीतला फोन वाजला. तूच होतीस, शेजाऱ्यांकडून. निघालीस का, विचारलंस. मी म्हटलं, गाडी सुरूच होत नाही, इंजिन गेलंय. तू म्हणालीस, "बरं. राहू दे."

ताई, इंजिनाला काहीही झालं नव्हतं. मी घाबरले होते. आयुष्यभर इंजिनांवर पोट भरलं आणि खोटं बोलायची वेळ आली तेव्हा इंजिनावरच आळ घेतला. त्यानंतर तू माझ्याकडे पुन्हा काही मागितलं नाहीस. त्या घरात तू काढलेली बावीस वर्षं माझ्या नावावर आहेत. माफी मागायला तोंड नाही. पण हे न सांगता तुला शेजारी बसवणं माझ्याच्याने झालं नसतं.

आता ठरव. नाही म्हणालीस तरी दुसरा पलंग मी काढणार नाही.

तुझीच,
खुडबुडी


२१ मार्च

खुडबुडे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

मला माहीत होतं. तू फोनवर बोलत होतीस आणि तुझ्यामागे गाडी सुरू होती. मला तुझ्या त्या रेघा आणि जाळ्या कळत नाहीत, पण चालू गाडी आणि बंद गाडी एवढं कळतं. खोटं बोलण्याआधी किल्ली बंद करावी, हेही तुला सुचलं नाही.

दोन वर्षं तुझ्यावर रागावले होते. मग एक दिवस स्वतःलाच विचारलं की फोन ठेवल्यावर मी काय केलं. बॅग उघडली आणि कपडे घडी न मोडता परत कपाटात लावले. रडले नाही. मला हायसं वाटलं होतं, खुडबुडे. तू आली असतीस तर मला निघावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. बहिणीची गाडी बंद पडली, हे स्वतःला सांगणं किती सोयीचं होतं. तुझ्या खोट्याच्या आड मीही इतकी वर्षं लपले. तेव्हा सगळं स्वतःच्या नावावर घेऊ नकोस. तू लहान आहेस, लहानासारखी वाग.

आता नीट वाच. मला घ्यायला येऊ नकोस. कुणीतरी येऊन मला घेऊन जाईल म्हणून मी पुन्हा दारात बसणार नाही. आमच्या इथून सकाळची बस घाटावर जाते आणि वर थांबते. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मी तिथे उतरेन. तुझ्या बाजूने तू चढ, माझ्या बाजूने मी चढते.

तिकीट काढलं आहे.

निघालेली,
ताई