स्टीलच्या डब्यातले सेल

चँडलर, ४ मार्च २०२४
ती. उल्काताईस, हिमानीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहितेय. अनीशने सिगारेट सोडली, पण आता व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, ओढतो. टॉर्चएवढी पितळी नळी, आत एक सेल. चिप वगैरे काही नाही, बटण दाबलं की करंट सरळ आतल्या तापणाऱ्या तारेला. बिघडलं तर थांबवणारं आत काय आहे, असं विचारलं, तर मला चिल करायला सांगितलं. पोरगा तेवीस वर्षांचा आहे. रागवायचाही कंटाळा आलाय. त्याचे दोन जादा सेल घरभर फिरतात. काल एक किल्ल्यांच्या वाटीत सापडला. त्यांचं काय करू?

माया पातळ करू नकोस.
हिमानी

कॅरी, ९ मार्च
चि. हिमानीस, अ. उ. आ.

सिगारेट सुटल्याचे पेढे तू अजून दिलेले नाहीस, हे आधी लिहून ठेवते. उपदेश करून दमू नकोस. मी माझ्या लेकीला, प्रीताला, केला, तर तिने घरच बदललं. सेल तेवढे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव. आपल्याकडे हिंगापासून मंगळसूत्रापर्यंत सगळं त्यातच सुखरूप राहिलं. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

आशीर्वाद आहेतच, पत्रं वाढव.
उल्का

चँडलर, १७ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

डबा पेटला. एका सेलचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं होतं, ते मला दिसलंच नाही. उघडा भाग आणि टोक, दोन्ही स्टीलला टेकले आणि शॉर्ट झालं. ओट्यावर धूर बघून अनीशने डबा तसाच हातात धरून अंगणातल्या खडीवर फेकला. उजवा तळवा भाजलाय. बोटं वाकतील, असं डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल.

हात भाजला त्याहून वाईट पुढे आहे. मी रागाने, मुद्दाम केलं असं त्याला वाटतं. जेवण भरवते तेव्हा माझ्याकडे बघत नाही. तुझं नाव मी घेतलेलं नाही.

सांभाळून घे.
हिमानी

कॅरी, २२ मार्च
चि. अनीशला मावशीचे अ. उ. आ.

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणून आईकडून वाचून घे. हिमानी, काही गाळू नकोस. डब्याची कल्पना माझी, बाळा. सेल धातूत ठेवायचे नसतात हे या म्हातारीला कुठलं माहीत! ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. रागवायचं तर माझ्यावर रागव.

तुझी,
उल्कामावशी

चँडलर, २९ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

त्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, मावशीला सांग, स्टील नाही, सेलसाठीची प्लास्टिकची केस; आणि वेष्टन फाटलेला सेल वापरायचाच नाही, रिसायकलला द्यायचा. चूक त्याचीही, म्हणाला. फाटलेला सेल त्यानेच फिरवत ठेवला होता. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

नळीचं झाकण त्याला एका हाताने उघडेना. मी उघडलं, सेल काढला, त्याने मागवलेल्या केसमध्ये ठेवला. केस तुझ्याकडेच ठेव, म्हणाला.

कायमचं सोडशील का, हे मी विचारलं नाही. ताई, आज ‘नाही’ ऐकायची ताकद नव्हती.

तुझीच,
हिमानी