तेविसाव्या वळणावर उभी गाडी

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. गुडघे काय म्हणतात? माझे बोलतात, पण मी लक्ष देत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं अक्षर कुणाला लागत नाही, तरी त्यातल्या त्यात पत्र बरं. इकडे सगळं ठीक. (ठीक म्हणजे, परवा तुझे भावोजी सूनबाईला म्हणाले, "मावशी, दारात उभ्या राहू नका, आत सरका." ती सरकली. गुणाची आहे.)

आता गंमत ऐक. आम्ही रोज घाट चढतो! घाबरू नकोस, पलंगावरूनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबांना जे आठवतंय ते रोज बोलतं ठेवा, नाहीतर तेही जाईल. पोरांची नावं गेली, माझंही गेलं (मला "कंडक्टर" म्हणतात, इतक्या वर्षांच्या संसारात बढती म्हणायची), पण घाटाची एकतीस वळणं शाबूत. अठ्ठावीस वर्षं त्याच रस्त्यावर सरकारी बस चालवली, विसरतील कशी? दुपारी जेवणं झाली की हे पाय खाली सोडून बसतात, पायाखाली उशी, तो ब्रेक. हातात पिठाची चाळणी, ते स्टिअरिंग. मी मागे, जरा बाजूला, स्टुलावर. पेल्यावर चमच्याने दोनदा टण टण केलं की गाडी सुटली. एकदा सूनबाई चाळणी मागायला आली, तर म्हणाले, "चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही." त्या दिवशी सगळ्यांनी कोंड्यासकट खाल्लं.

वळणांची नावं यांनीच ठेवलेली. पहिलं नव्या नवरीचं, कारण तिथे हळू जावं लागतं. सातवं सासूचं, आधी दिसत नाही आणि एकदम समोर येतं. (आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.) बारावं म्हणजे इंजिनियरची डुलकी, रस्ता आखताना त्याला झोप लागली असावी असं वाकडं. पण लाडकं बाविसावं. दरीच्या कडेकडेने असं गोल फिरतं, की मागच्या बाकावरच्या माणसाला आपलाच ड्रायव्हर समोरून येताना दिसावा. तिथे हे चाळणी हातातून अलगद फिरू देतात, आणि चेहरा असा उजळतो, धाकटे, लग्नातसुद्धा मी पाहिला नव्हता. तेवढं एक वळणभर आमचं माणूस घरी येतं. मी त्यासाठीच बसते ग.

मंगळवारी तेविसाव्यावर गाडी थांबली. उशीवर पाय दाबून म्हणाले, "कंडक्टर, पुढे रस्ता नाही."

मी म्हटलं, "आहे हो, डावीकडे घ्या."

"डावीकडे दरी आहे," असं म्हणून माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं, की प्रवाशांनी भरलेली गाडी मीच ढकलून देत होते जणू. मग पाय काही उचलेनात. अंधार पडेपर्यंत तसेच बसून. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, प्रवासी चालत गेले," तेव्हा आडवे झाले. तेव्हापासून रोज तिथेच थांबतात. बाकी क्षेम आहे. जपून राहा.

तुझी,
थोरली

ता. क. क्षेम कसलं. खरं काम पुढेच आहे. तेविसाव्यापासून पुढचं मला काही ठाऊक नाही. यांच्या गाडीत इतक्यांदा बसले, पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत डोळे गच्च मिटून, दांडी धरून. वर पोचलं की म्हणायचे, "काय सुंदर रस्ता!" यांना वाटायचं, हिला आवडतो. कुणाला सांगू नकोस. नावं येतात ती यांच्या तोंडून ऐकून, पण तिथून पुढची वळणं हे नाव न घेताच घ्यायचे, आणि माझी नजर चाळणीवर नसायची, यांच्या चेहऱ्यावर असायची. तू घाटमाथ्यावरच्या शाळेत शिकवायला दहा वर्षं त्याच गाडीने जायचीस, यांच्या मागच्याच बाकावर. तेविसावं डावीकडे का उजवीकडे, पुढे झाड का दगड, आठवेल तेवढं लिहून पाठव.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज गाडी एकविसाव्यावरच थांबली, बाविसावं आलंच नाही. पत्र लिहीत बसू नकोस. तूच ये.