तिओचं पाकीट

मालिग्वाय बेट, ४ मार्च १९९७

चि. दिविनास तुझ्या थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

आपले बंधुराज काल अवतरले. बावीस वर्षांनी कॅनडातून भाऊ येतो म्हणून मी धक्क्यावर रडायच्या तयारीत उभी. त्याने आधी माझ्या हातांवर जंतुनाशकाचा कापूस फिरवला, मग मिठी मारली. सोबत बाटलीबंद पाण्याची तीन खोकी, डासांची दोन मलमं आणि सहा लशींचा दाखला. माझी व्हिनेगरातली कच्ची मासळी पाहून त्याने असं तोंड केलं, जणू मी ताटात झुरळ वाढलंय. त्याच मासळीवर वाढलेला पोरगा!

बुडी मारायला येणाऱ्या पाहुण्यांच्या चीजवस्तूंसाठी आपली लोखंडी पेटी आहे, तुला ठाऊकच आहे. पंधरा वर्षांत एका पाहुण्याची टाचणी हलली नाही. तर तिओने विचारलं, दुसरी किल्ली कुणाकडे असते म्हणून. क्रिसांतोच्या तोंडावर, सख्ख्या मेहुण्याच्या! आता कमरेला एक रबरी पाकीट बांधून हिंडतो. झोपतो त्यासकट, आंघोळही त्यासकट.

आणि तब्येतीची काळजी? नाक चोंदलेलं, रात्री चार बिअर, आणि उद्या समुद्रात बुडी मारायची म्हणे. मी म्हटलं, सर्दीत खाली गेलास तर कान फुटेल. तर म्हणाला, मी बर्फाखाली बुड्या मारल्यात, तू मला शिकवू नकोस. बुडीआधी भरायच्या तब्येतीच्या कागदावर सगळीकडे ‘नाही’. रक्तदाब? नाही. औषधं? नाही. अक्कल? हा प्रश्न कागदावर नव्हता, नाहीतर तेवढं तरी उत्तर खरं आलं असतं.

उद्या नको, सर्दी उतरल्यावर बघू, असं क्रिसांतोने ठणकावलंय. माया असू दे, मला तिची गरज पडणार असं दिसतं.

तुझी,
लिओनिला

सेबू, ७ मार्च

ती. ताईस, दिविनाचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून वॉर्डात एकटीच हसले, पेशंटना वाटलं माझंच डोकं तपासायला हवं. ताई, तू तो शाळेत असल्यापासून त्याला टोचतेस. थोडं कमी कर ना.

पण बुडीचं मनावर घे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक नॉर्वेजियन गृहस्थ आणले. कॅमेरा हातभर कापसात गुंडाळलेला, आणि मालकाचे पाय लुळे. वर येताना थांबायचं असतं, ते थांबले नाहीत. रक्तात बुडबुडे झाले की माणसाला दाबाच्या कोठडीत घालून ते तासन्‌तास जिरवावे लागतात. आणि बुडीनंतर दिवसभर विमानातही बसायचं नसतं. दादाला हे सांग.

त्याचं परतीचं विमान कधी आहे? तो यायच्या आधी मी फोनवर विचारलं, तर त्याने इथल्या आंब्यांचा भाव विचारला.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

तुझी धाकटी,
दिविना

मालिग्वाय बेट, १२ मार्च

चि. दिविनास आशीर्वाद.

क्रिसांतोने त्याला तुझ्या स्वाधीन केलं, तेव्हा घाईत काही बोलणं झालं नसेल. तुमच्या डॉक्टरांना सगळं कळावं म्हणून लिहिते.

सर्दी उतरली, मग काल सकाळी दोघे खाली गेले. पाकीट कमरेलाच, पोशाखावरून. मी धक्क्यावर हात पुढे करून मागितलं. म्हणाला, घरच्या हातांना उचलेगिरीची सवय लागायला वेळ लागत नाही. दिविना, आईच्या माघारी मी ह्याला या हातांनी भरवलंय.

वीस मीटरवर पट्टा तुटला. पाकीट खाली निघालं, आणि हे मूर्ख त्याच्यामागे. क्रिसांतोने पाय धरला तर लाथ मारली. तीस-पस्तीस मीटरवर हवा संपत आली तसा घाबरून सरळ वर सुटला, मधे कुठेच न थांबता. होडीत म्हणाला, हात झोपेत अवघडलाय. पाण्याखाली झोपला होता का हा? ऑक्सिजन लावू देईना, आधी पाकीट आणा म्हणून हट्ट. तासाभराने उठायला गेला आणि पायच नव्हते त्याला. तेव्हा पाकिटाचा हट्ट सोडला. लहानपणी मार खाल्ल्यावर सोडायचा तसा.

आज क्रिसांतो पुन्हा खाली गेला आणि कपारीतून पाकीट काढून आणलं. बंद आहे तसंच पाठवते. त्याच्यासमोर उघड, साक्षीला एखादा पोलीस बसव.

पायांचं काय ते लगेच कळव.

लिओनिला

सेबू, १५ मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पाय परत येताहेत. कोठडीच्या चार फेऱ्या झाल्या. काठी धरून खिडकीपर्यंत जातो. समुद्राखाली मात्र यापुढे कधीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रक्तदाबाच्या गोळ्या तो सहा वर्षं घेतोय.

पाकीट त्याने मलाच उघडायला लावलं. पासपोर्ट, लग्नाची अंगठी, कारखान्याने कामावरून कमी केल्याचा कागद, थोड्या नोटा. बस. मी विचारलं, दादा, बाकीचं कुठाय? म्हणाला, बाकीचं म्हणजे काय, एवढंच आहे. वहिनी तीन वर्षांपूर्वीच त्याला सोडून गेली. घरही गेलं. तिकीट एकाच बाजूचं होतं. तू पेटीत ठेवायला घेशील आणि सगळं एका नजरेत मोजशील, ही भीती होती त्याला. ताईला सांगू नकोस, ती हसेल, म्हणाला.

मी सांगतेय. आता तू काय ते ठरव.

दिविना

मालिग्वाय बेट, १८ मार्च

चि. दिविनास आशीर्वाद.

हसेल, म्हणाला. बरोबर म्हणाला. हसलेच असते. धक्क्यावर उभी राहून, चार पाहुण्यांदेखत. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

म्हणून त्याच्यावरचा राग गेला असं समजू नकोस. क्रिसांतोच्या बरगडीवर अजून लाथेचा निळा डाग आहे. गाढव ते गाढवच, कॅनडात बावीस वर्षं चारा खाल्ला म्हणून घोडा होत नाही. त्याला हे शब्द असेच वाचून दाखव. गोड बोलले तर मी मरायला टेकले की काय अशी शंका येईल त्याला.

मागची खोली रिकामी केली. डोंगराकडची आहे, खिडकीतून समुद्र दिसत नाही. इथे हवेच्या टाक्या भरायला, पाहुण्यांच्या कागदांवरची थापेबाजी पकडायला माणूस हवाच होता. त्यातला ह्याच्याइतका जाणकार बेटावर दुसरा नाही.

गुरुवारी क्रिसांतो होडी घेऊन येतोय. तू सुट्टी काढ आणि बरोबर ये. एकटा तो धक्क्यावर पाय ठेवणार नाही, लाजेल. आणि मीही एकटी असले तर काहीतरी बोलून जाईन.

वाट बघते. दोघांचीही.

ताई