लसीकरणाच्या पत्रकाखालची नोटीस

अण्णा, आज दिवसभर मला शिसारी येतेय आणि ती कुणाला सांगावी कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. मी इथे दुबईत एका हॉटेलच्या मार्केटिंगमध्ये आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, तुम्हाला कुठून माहीत असणार! सध्या आमच्या लॉबीत जिकडेतिकडे लाल बदाम लटकलेत. सकाळच्या इडल्यासुद्धा बदामाच्या आकाराच्या, बिटाच्या रसात रंगवलेल्या. सुजलेल्या हिरड्यांसारख्या दिसतात. प्रेमाचा दिवस येतोय ना! प्रत्येक टेबलावर त्या दिवसाची जन्मकथा सांगणारं कार्ड ठेवायचंय आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी वाचत बसले. कुणी म्हणतं, रोममध्ये फेब्रुवारीत बकरे कापून त्यांच्या कातड्याच्या पट्ट्यांनी बायकांना फटके मारायचा सण होता, त्याच्या जागी हा आला. कुणी म्हणतं, बादशहानं सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली, तेव्हा एका धर्मगुरूनं चोरून लग्नं लावली आणि त्याचं मुंडकं उडवलं गेलं. खरं-खोटं कोण जाणे. मी दोन्ही लिहिलं. मॅनेजरनं तोंड वाकडं केलं. "हबीबी, लोग डिनर करने आ रहे हैं. बकरा खलास, मुंडी भी खलास. ओन्ली लव्ह रखो, यल्ला!" मीही निमूटपणे रक्त पुसून टाकलं आणि खाली लिहिलं, शेवटी प्रेमच जिंकतं. लिहिताना स्वतःचीच किळस आली. घरी आल्यावर लेकीला मूळ गोष्ट सांगितली, तर नाक मुरडून म्हणाली, "ईऊ, आई, दॅट्स सो ग्रॉस." आणि मग, "बट हू टोल्ड ऑन हिम?"

त्याची चुगली कुणी केली, हे कुठेच लिहिलेलं नाही, अण्णा.

मी दहा वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर तुमच्या विवाह नोंदणीच्या कचेरीत बाकावर बसून गृहपाठ करतेय. नोंदणी लग्न करणाऱ्यांची नावं, पत्ते तीस दिवस कचेरीच्या कुलूपबंद, काचेच्या बोर्डात लावायचे, हा नियम. आणि गावातले रिकामटेकडे येऊन ती वाचायचे, चघळायचे. त्या दिवशी तुम्ही एक नोटीस लावता आणि तिच्यावर लसीकरणाचं मोठं पत्रक टाचता. टाचण्यांची डबी माझ्या हातात आहे. "नियमही पाळला आणि पोरंही वाचली," तुम्ही हळूच म्हणता. "कुठे बोलायचं नाही हं, बाळ." मला केवढा अभिमान वाटतो! नोटिशीतल्या मुलीची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला फुशारकीनं सांगितलं, तुझ्या ताईचं लग्न आमचे अण्णा लावणारेत, नोटीससुद्धा पत्रकाखाली लपवलीय.

संध्याकाळी मुलीचे भाऊ कचेरीत आले. बोर्डाची काच फोडून पत्रक फाडलं. आठ दिवसांत त्या मुलीला दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात बांधून लांब पाठवून दिलं. तुमची चौकशी झाली, बदली झाली. बोर्डाची किल्ली तुमच्याखेरीज फक्त शिपाईकाकांकडे असायची, म्हणून तुम्ही ठरवून टाकलंत की ते फुटले. पंधरा वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, त्याच्याशी तुम्ही मरेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. "विकला गेला," म्हणायचात, आणि मी शेजारी बसून वरणभात गिळत राहायची. तुम्ही गेलात त्या दिवशी ते फाटकाबाहेर उन्हात उभे होते, चपला हातात घेऊन. त्यांना आत या म्हणावं, एवढंही माझ्याकडून झालं नाही.

ते नव्हते, अण्णा. मी होते.

काका अजून आहेत. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या वर्षी गावाला गेले तेव्हा मुद्दाम मागून घेतला. तो लावायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही हे वाचणार नाही.